ब्लँकच्या रकान्यातली आडवी रेघ

बाय,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. मांडवी नदीच्या मुखाजवळ पाण्यातलं आर्सेनिक मे महिन्यात चढलेलं, जुलैत एकदम उतरलेलं. शिनाण्यांतले, म्हणजे खडकावरच्या शिंपल्यांतले, आकडे बघून तुझी झोप उडालेली, आईने बाजारातून शिनाणे आणणंच बंद केलेलं, आणि शेवटी, "सर, विषय बदलू का?" सोबतचा तक्ता मी दोनदा पाहिला. सगळे रकाने भरलेत, ब्लँकच्या, म्हणजे नमुन्याविना केलेल्या कोऱ्या चाचणीच्या, रकान्यात मात्र आडवी रेघ आहे. विषयाचं मागाहून बघू. आधी ही रेघ.

धातू मोजणाऱ्या मशीनला थोडं शुद्ध पाणी पाजलं की ब्लँक झाला, असं तुम्हा मुलांना का वाटतं कोण जाणे. तू जे शोधतेस ते सोडून बाकी सगळं ब्लँकमध्ये हवं. तीच कुपी, तेच आम्ल, तोच सुरा, तोच मायक्रोवेव्ह, तोच दिवस, तेच हात. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

शिनाण्यांपासून धरू. खडकावरून काढले की त्याच जागच्या गाळलेल्या पाण्यात २४ तास ठेवायचे, म्हणजे पोटातला गाळ बाहेर पडतो. आपल्याकडे खाणपट्ट्यातून लोखंड-मँगनीजची माती नदीत उतरलेली आहे. हे केलं नाहीस तर तू शिंपल्यातलं मांस मोजत नाहीस, नदीचा तळ मोजतेस. उघडायला स्टीलचा सुरा घेतलास तर क्रोमियम आणि निकेल तू स्वतःच घालतेस, म्हणून प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा घे. पावडरवाले हातमोजे जस्त देतात. खल अगेटचा, म्हणजे अकीक दगडाचा. कुप्या रात्रभर १० टक्के नायट्रिक आम्लात, मग १८.२ मेगाओमच्या अतिशुद्ध पाण्याने तीनदा, आणि पालथ्या घालून झाकून वाळवायच्या. पंख्याखाली नको, लॅबच्या पंख्यावरची धूळ तू पाहिली आहेस. मग सुकी पूड ०.५ ग्रॅम, नायट्रिक ७ मिली, हायड्रोजन पेरॉक्साईड १ मिली, मायक्रोवेव्हमध्ये २०० अंशांपर्यंत हळूहळू चढवून तिथे १५ मिनिटं. पुरतं थंड झाल्याशिवाय भांडं उघडायचं नाही. शेवटी ५० मिलीपर्यंत पाणी.

आता हेच सगळं, पायरी न गाळता, पुडीशिवाय कर. हा तुझा ब्लँक. असे किमान सात, दहा झाले तर उत्तम. त्यांच्या आकड्यांचं प्रमाण विचलन काढ. त्याच्या तिप्पट म्हणजे "काहीतरी आहे" म्हणण्याची पातळी, दहापट म्हणजे "इतकं आहे" म्हणण्याची. तुझ्या तक्त्यातल्या कॅडमियमच्या निम्म्या ओळी या दोन पातळ्यांच्या कुठल्या बाजूला आहेत, हे तुला आज सांगता येत नाही. मलाही येत नाही. मग तीन दशांश स्थळं कशाच्या जोरावर लिहिलीस?

प्रत्येक खेपेत एक प्रमाणित संदर्भ पदार्थही घाल, म्हणजे ज्यातले धातू आधीच नेमके ठरलेले आहेत असा, शिंपल्याच्या मांसाचाच. मासळीचा चालवून घेऊ नकोस. शिवाय एका नमुन्यात मुद्दाम मोजून घातलेला धातू ८० ते १२० टक्क्यांत परत मिळाला नाही तर ती खेप बाद. "जवळपास आलं" ही सबब मला ऐकवायची नाही.

आता तुझा मे आणि जुलै. तू लिहितेस, ऋतूप्रमाणे आर्सेनिक बदलतं. असेलही. पण मे महिन्यात मुखाजवळचं पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट असतं, आणि जुलैत वरचा थर बराच गोडा होतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराईड. मशीन आर्सेनिकला ओळखतं ते ७५ या वस्तुमानावरून. त्याच मशीनच्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त आर्गॉन वायूत, आर्गॉन-४० आणि क्लोरीन-३५ एकमेकांना चिकटतात. बेरीज कर. तुझा ऋतुबदल हा मिठाचा आलेख असू शकतो, बाय! हेलियमची कोलिजन सेल, म्हणजे अशा चिकट जोड्या अडवणारा कप्पा, लावलीस तर ही जोडी बरीच कमी होते, पण पूर्ण जाते असं गृहीत धरू नकोस. ७७ वर नजर ठेव, आर्गॉनबरोबर क्लोरीन-३७ तिथे डोकं वर काढतो. वर समुद्राचं पाणी मशीनला झेपावं म्हणून तू ते २० पट पातळ केलंस. मुळात त्यात आर्सेनिक लिटरला एक-दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे मशीनपुढे आलं त्याचा विसावा भाग. तिथे ब्लँक हलला की सगळंच हललं.

म्हणून या कामाचा ब्लँक खारट हवा. सर्वांत शुद्ध प्रतीचं मीठ घेऊन मेची खारटता बनव, जुलैचीही बनव, आणि दोन्ही तितकेच पातळ करून लाव. तू जे शोधतेस ते सोडून बाकी सगळं. मीठसुद्धा.

शिनाण्यांतल्या आकड्याने घाबरलीस, तर त्याची दोन कारणं मला दिसतात. एक, तुझा आकडा सुक्या वजनावर आहे. मांसात साधारण ८० टक्के पाणी, म्हणजे ओल्या वजनावर तो पाचपट खाली येतो, आणि खाण्याच्या मर्यादा ओल्या वजनावर असतात. उदाहरणार्थ युरोपात शिंपल्यांतल्या कॅडमियमची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम, ओल्यावर. दोन, तू एकूण आर्सेनिक मोजलंस. समुद्री जिवांत त्यातलं बरंचसं आर्सेनोबीटेन, म्हणजे आर्सेनिकचं एक सेंद्रिय रूप, असतं. आयएआरसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या, यादीत असेंद्रिय आर्सेनिक गट १ मध्ये आहे आणि आर्सेनोबीटेन गट ३ मध्ये, म्हणजे कर्करोगाबाबत काही ठरवता येत नाही अशांत. प्रकार वेगळे केल्याशिवाय त्या आकड्याला कर्करोगाचं नाव जोडू नकोस. आणि गट १ म्हणजे पुरावा पक्का. जहालपणा किती, ते त्यात लिहिलेलं नसतं.

जिवाणूंवर उत्परिवर्तन तपासणाऱ्या एम्स चाचणीचं तू ओझरतं लिहिलंस, "टीए९८ वर पॉझिटिव्ह आलं" म्हणून, म्हणजे त्या चाचणीच्या साल्मोनेला जिवाणूवर. शिंपल्याच्या मांसाचा अर्क थेट घातलास का? मांसात मोकळं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असतं, आणि ही साल्मोनेला हिस्टिडीनविना उपाशी ठेवलेली असते. तू तिला जेवायला वाढलंस, ती वाढली, आणि तू त्याला उत्परिवर्तन म्हणालीस. प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धर. मागचा जिवाणूंचा थर नेहमीपेक्षा दाट असेल तर हिस्टिडीनचा संशय घे. थर विरळ आणि टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतील तर अर्क विषारी आहे, आणि ते ठिपके मोजायचे नाहीत. अर्क आधी सी-१८ च्या गाळणी-स्तंभातून काढ म्हणजे हिस्टिडीन वाहून जातं. मग तोच स्तंभ, तेच द्रावक, मांसाशिवाय. कळलं ना कुठे येतोय ते?

पेशींवरच्या कामातही हेच. डीएमएसओ हे द्रावक ०.१ टक्का घालणार असशील तर तितकाच कंट्रोलमध्ये. डीएनएची मोडतोड दाखवणाऱ्या कॉमेट चाचणीच्या स्लाईडवर सांकेतिक क्रमांक, आणि मोजणाऱ्याला कुठली कशाची ते ठाऊक नको. मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत लपून शिरणाऱ्या जिवाणूंची, तपासणी दर महिन्याला. यावर जास्त लिहीत नाही, ते तू नीट करतेस.

पण एक सांगतो. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या लॅबमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन न घालताच वाढू लागल्या. म्हणजे कंट्रोलच बिघडला. त्यांनी तो फेकून पुन्हा नवा लावला नाही, एकेक वस्तू बदलत गेले, आणि दोष निघाला प्लास्टिकच्या नळ्यांत: त्यातून इस्ट्रोजेनसारखं वागणारं नोनिलफेनॉल सुटत होतं. १९९१ मध्ये ते छापून आलं. शोध ब्लँकमध्येच होता. तुझ्या वहीत "ब्लँक जास्त आला, पुन्हा केला" अशी नोंद दोनदा आहे. जास्त आलेला तो ब्लँक गेला कुठे?

माझ्यामागे तुम्ही मुलं मला काय म्हणता ते ठाऊक आहे. माझ्याकडे पेपर उशिरा निघतात, हेही खरं. शेजारच्या लॅबमध्ये वर्षाला चार निघतात. माझ्या नावावरचे काही जुने आकडे आज मी छापू दिले नसते, आणि लोक अजून त्यांचा दाखला देतात. पत्र पाठवून ते परत घेता येत नाहीत. त्यामुळे हट्टी म्हणायचं तर म्हणा.

आईला सांग, तुझ्या या तक्त्यावरून शिनाणे बंद करायला नकोत आणि निर्धास्त खायलाही नकोत. तक्ता अजून काहीच बोलत नाही. काठावरच्या गावातलं कुणी "आमच्याकडे कॅन्सर यामुळेच का?" म्हणून विचारलं तर त्यालाही हेच सांग. राग येईल त्याला, येऊ दे. आणि जुने नमुने फेकू नकोस. उणे २० ला ठेव, झाकणावर नुसता क्रमांक नको, तारीख, जागा आणि खारटताही लिही.

सोमवारी मी दहाला लॅबमध्ये आहे. रविवारी रात्री कुप्या आम्लात घालून ठेव, दहा ब्लँकना पुरतील एवढ्या. मायक्रोवेव्ह दुपारनंतर लावायचा नाही. पावसाळ्यात तीननंतर ताळगावच्या पठारावर विजेचा काही भरवसा नसतो, आणि अर्धवट पचलेली खेप तू वाचवायला बघशील, हे मला माहीत आहे.