आमच्या बीड जिल्ह्यातल्या मंडळाने माजी सैनिकांसाठी गणपतीत वर्गणी जमवायची ठरवली आहे. पैसे कुठे जमा करावेत?

बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, सशस्त्र सेना ध्वजदिन निधीत जमा करा आणि पावती मंडळाच्या नावाने घ्या. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला, म्हणजे ध्वजदिनाला, याच निधीसाठी संकलन होतं आणि त्यातून वीरपत्नी, युद्धात अपंगत्व आलेले जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना मदत मिळते. ध्वजदिनाच्या संकलनात मी काही वर्षं स्वयंसेवक म्हणून फिरलोय. आठवडी बाजारात दहा-दहा रुपये टाकणारी म्हातारी माणसं पाहिलीत, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब गावापुढे मांडलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. फलकावर लावा, ग्रामसभेत वाचा.

मात्र हे पैसे तुम्ही सांगाल त्याच घरात जातील असं नाही. गावातल्या एखाद्या वीरपत्नीलाच मदत करायची असेल, तर आधी त्यांना विचारा आणि थेट त्यांच्या खात्यावर चेक द्या. स्टेजवर बोलावून पाकीट देताना फोटो काढणं कृपया टाळा. आणि लोकांकडून वर्गणी घेण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खालची परवानगी काढा.