परभणीची सरकारी नोकरी सोडून पुण्याची १५ लाखांची ऑफर घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता, पोस्टिंग परभणी, सेवेला नऊ वर्षं होत आली, पुण्यातल्या एका कंपनीने १५ लाखांचं पॅकेज देऊ केलंय. घरचे ‘नको’ म्हणतात, मित्र ‘सोड’ म्हणतात.

या आकड्याला जाऊ नका, असं माझं मत आहे. खासगी नोकरी वाईट असते म्हणून नव्हे. हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही, म्हणून.

तुम्ही त्यांच्या पॅकेजची तुलना आपल्या हातात येणाऱ्या पगाराशी करताय. सगळेच असं करतात आणि इथंच फसतात. आधी स्वतःचं पॅकेज काढा. एस-१४ या वेतनश्रेणीत ३८,६०० पासून सुरुवात धरली तर आठ वेतनवाढींनंतर मूळ वेतन ४८,९०० होतं. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर २६,८९५. परभणीला घरभाडे १० टक्के, म्हणजे ४,८९०. बेरीज ८०,६८५. त्यावर शासन एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्के भरतं, ते १०,६११. वर्षाचे झाले जवळपास ११ लाख. प्रवास भत्ता आणि वैद्यकीय प्रतिपूर्ती यात धरलेलीच नाही. तुमच्या हाताला मात्र एनपीएसचे स्वतःचे १० टक्के आणि व्यवसाय कर वजा जाऊन ७३ हजारांच्या आसपास येतात.

आता त्यांचे १५ लाख. ऑफर लेटरसोबत पगाराच्या फोडीचं एक पान असतं, ते नसेल तर एचआरकडून मागून घ्या. त्यात १० टक्के व्हेरिएबल असेल तर दीड लाख आधीच बाजूला काढा, ते कामगिरीवर आणि कंपनीच्या मर्जीवर. उरले साडेतेरा. बेसिक त्याच्या निम्मं, म्हणजे ६ लाख ७५ हजार धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ ८१ हजार आणि ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटी ३२ हजार, दोन्ही त्याच साडेतेरातून जातात. महिन्याचा ग्रॉस येतो १ लाख ३ हजार. तुमचा पीएफ आणि व्यवसाय कर वजा केला की हातात ९६ हजार. फरक २३ हजारांचा. वाकड-हिंजवडीकडे दोन बीएचकेचं भाडं २५ हजार धरा. संपला फरक.

व्हेरिएबलची आणखी एक गंमत बघा. सध्याच्या नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही, आणि पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी. व्हेरिएबल नसताना तुम्ही या मर्यादेच्या आत राहता. तो पूर्ण मिळाला की करपात्र उत्पन्न १३ लाख ११ हजारांवर जातं आणि उपकरासकट कर होतो सुमारे ८० हजार. म्हणजे दीड लाखातले ७० हजार तुमचे.

हीच ऑफर वाळूज किंवा शेंद्र्याची असती आणि संभाजीनगरला राहायची सोय असती, तर मी विचार करा म्हटलं असतं. पुण्यासाठी मात्र फिक्स्ड २० लाखांच्या खाली सरकारी खुर्ची सोडण्यात मला अर्थ दिसत नाही. पुढं आठव्या वेतन आयोगाचा फरक राज्यातही येईलच, तोही गणितात ठेवा. काम आवडत नाही, बदल्यांचा वैताग आलाय, डिझाइनमध्येच करिअर करायचंय, अशी कारणं असतील तर पैशाचा हिशेब दुय्यम. ती कारणं खरी असतात, फक्त ‘पगार जास्त’ या नावाखाली लपवू नका.

ऑफिसात कुणीतरी सांगेलच, ‘बिनपगारी रजा टाक, सहा महिने बघून ये.’ हे अजिबात करू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधल्या १६ व्या नियमाप्रमाणे परवानगीशिवाय खासगी नोकरी करता येत नाही, मग तुम्ही रजेवर असा की नसा. लपतही नाही: नव्या कंपनीचा पीएफ यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) दिसतो, टीडीएस २६एएस या प्राप्तिकराच्या विवरणात दिसतो. न सांगता गैरहजर राहणं त्याहून वाईट. विभागीय चौकशी लागते, प्रकरण बडतर्फीपर्यंत गेलं तर सरकारी नोकरीचं दार कायमचं बंद होतं. रीतसर राजीनामा दिलेला माणूस वयात बसत असेल तर पुन्हा एमपीएससी देऊ शकतो.

धारणाधिकाराचंही, म्हणजे जुन्या पदावर परतायच्या हक्काचंही, तसंच. तो दुसऱ्या सरकारी पदावर रीतसर परवानगीने जाणाऱ्यासाठी असतो, कंपनीत जाणाऱ्यासाठी नाही. राजीनामा लागू व्हायच्या आत मागे घेता येतो. एकदा लागू झाला आणि कारण खासगी कंपनीतली नोकरी असलं, की परत घेण्याची विनंती मान्य होत नाही. नऊ वर्षांची ज्येष्ठता जाते. २०२३ पासून एनपीएसवाल्यांनाही उपदान (ग्रॅच्युइटी) लागू झालं, पण राजीनाम्यात तेही हाती लागत नाही. (ज्यांची सेवा २० वर्षांवर गेलीय, त्यांनी राजीनामा हा शब्दही काढू नये. तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. २००५ च्या आधी लागलेल्यांचा भविष्य निर्वाह निधी मराठवाड्यापुरता नागपूरच्या महालेखापालांकडून सुटतो, त्याला वेळ धरून चाला.)

तरीही जायचं ठरलं, तर राजीनामा सगळ्यात शेवटी. आधी पतसंस्था. आपल्याकडं कर्मचारी पतसंस्थेचं कर्ज नसलेला माणूस विरळाच. हप्ता सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली थेट पगारातून कापला जातो. पगार बंद झाला की कपात बंद, आणि संस्था जामीनदारांच्या पगाराकडं वळते. जामीनदार म्हणजे शेजारच्या टेबलावरचे तुमचेच सहकारी. शिवाय तुम्ही इतरांना जामीन आहात का, तेही पाहा. संस्था बेबाकी (काही येणं बाकी नसल्याचा) दाखला देताना तो मुद्दा काढते आणि जामीनदार बदलून देईपर्यंत कागद अडतो.

मग चार्ज, म्हणजे कार्यभार सोपवणं. कनिष्ठ अभियंत्याचा राजीनामा बहुतेक वेळा इथंच रखडतो. तुमच्या नावावरच्या सगळ्या मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वह्या), साठा नोंदवही, हत्यारं-अवजारं यांची यादी करून घेणाऱ्याची सही घ्या. अर्धवट बिलांची मोजमापं नोंदवून पुस्तिका बंद करा. लेखापरीक्षणाचा एखादा परिच्छेद तुमच्या कामावर असेल तर त्याचं उत्तर स्वतः लिहून द्या. तुम्ही गेल्यावर ते उत्तर कुणी लिहिणार नाही आणि वसुली मात्र तुमच्या नावानं निघेल. ज्या ठेकेदाराची बिलं तुम्ही मोजली, त्याच्याच कंपनीची ऑफर असेल तर ती नाकारा.

एनपीएसचा प्रान (कायम खाते क्रमांक) बंद करू नका. मुदतीआधी बाहेर पडलात तर मोठा हिस्सा ॲन्युइटीत, म्हणजे पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, अडकतो. प्रान तोच ठेवून सेक्टर बदलण्याचा अर्ज द्या. नव्या कंपनीत एनपीएस असेल तर तिकडं, नसेल तर सर्वसामान्य नागरिकांच्या गटात तो चालू राहतो. त्याआधी विवरणपत्र काढून महिन्यागणिक जुळवा. तुमचे १० टक्के कापले गेले, पण खात्यात पोहोचलेच नाहीत, असे महिने सापडतात. नोकरीत असताना पगाराचं बिल काढणाऱ्या आहरण अधिकाऱ्याकडून हे दुरुस्त होतं, गेल्यावर हेलपाटे. सेवार्थ या सरकारी पगाराच्या पोर्टलवरून पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ ही आताच उतरवून ठेवा, कंपनीची पडताळणी त्यावरच होते.

घरच्यांचा आरोग्य विमाही राजीनाम्याआधी घ्या. कंपनीच्या गटविम्यात आई-वडील आपोआप असतीलच असं नाही, आणि वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

अर्ज नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या नावे, कार्यकारी अभियंत्यांमार्फत. तारीख स्पष्ट, किमान महिनाभर पुढची. ‘अमुक झालं तर राजीनामा समजावा’ असली अट घालू नका, अर्ज परत येतो. शासनाचं काही येणं निघाल्यास भरेन, हे एक वाक्य असू द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

फाइल मंडळ कार्यालयापर्यंत आणि पुढं जाऊन येणार, त्यामुळं महिन्याचे तीन महिने होऊ शकतात. कंपनीला रुजू होण्याची तारीख ९० दिवसांनंतरचीच सांगा, आणि ती ऑफर लेटरवर लिहून घ्या. कार्यमुक्तीचा आदेश हातात पडेपर्यंत तिथं सही करू नका.