चित्रकाराची मुलाखत घ्यायची आहे. प्रश्न आधी पाठवावेत का? छापण्याआधी मजकूर त्यांना दाखवावा का?

मजकूर दाखवा. सगळा दाखवा, आणि दुरुस्तीला पुरेसा वेळ द्या. पत्रकारितेच्या वर्गात 'समोरच्याला मजकूर कधीही दाखवायचा नाही' असं शिकवलं, असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य मी एका संपादकांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यापायी एका ज्येष्ठ चित्रकार बाईंना काय सोसावं लागलं तेही पाहिलंय. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

त्या बाई सहसा मुलाखत देत नसत. मला हो म्हणाल्या, कारण फोनवर मी त्यांच्या आयुष्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांच्या कॅनव्हासवर वरचा थर खरवडून खालचा रंग बाहेर काढलेला दिसायचा. तो कशाने खरवडता, एवढंच विचारलं. स्टुडिओत गेले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलेला एक अर्धवट कॅनव्हास वळवला, आणि पुढचा सगळा वेळ आम्ही त्या एका चित्रावरच बोललो. रंग किती वाळला की सुरी लावायची, फार वाळला तर तो सोलून न निघता ढलप्या होऊन का उडतो, जास्त तेलाच्या थरावर कमी तेलाचा थर दिला की पुढे भेगा का पडतात. एका कोपऱ्यात त्यांनी हा शेवटचा नियम मुद्दाम मोडला होता. का मोडला, असं विचारल्यावर त्या गप्प झाल्या. मीही गप्प राहिले. (अशी शांतता पुढच्या प्रश्नाने कधीही बुजवू नका.) मग आलेलं उत्तर अर्धंमुर्धं होतं. वाक्य मध्येच तुटलं आणि ओघात त्यांच्या गुरूंबद्दल एक कडवट शब्द निघून गेला.

शब्दांकन करून मी त्यांना पाठवलं. परत आलं त्यात तो शब्द खोडलेला होता, आणि तुटलेल्या वाक्याच्या जागी हाताने लिहिलेलं एक पान जोडलेलं होतं. चित्राला भेगा पडू द्याव्यात, त्याचं वय त्याच्या अंगावर दिसू द्यावं, हे त्यांच्या मनात कसं आलं, पहिल्यांदा कुठल्या चित्रात करून पाहिलं, कुठे फसलं, सगळं त्या पानात होतं. अख्ख्या मुलाखतीत त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. समोरासमोर बसून त्या हे बोलूच शकल्या नसत्या. त्यांना विचार करायला हातात ब्रश नाहीतर पेन लागायचं.

संपादकांनी ते पान काढून टाकलं. 'बोलल्या तेवढंच छापायचं, मागाहून सुचलेलं नाही.' गुरूंबद्दलचा शब्द परत घातला आणि त्याचाच मथळा केला. मी आवाज चढवून भांडले, काही उपयोग झाला नाही. अंक निघाल्यावर जो तो त्या शब्दाबद्दलच बोलत राहिला. बाईंनी त्यानंतर कोणाला मुलाखत दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

दुरुस्त केलेली मुलाखत म्हणजे खोटी मुलाखत, असं संपादकांचं म्हणणं. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. 'पॅरिस रिव्ह्यू' हे इंग्रजी साहित्यिक नियतकालिक 1953 साली सुरू झालं. त्यातल्या लेखकांच्या मुलाखती अजून वाचल्या जातात, आणि तिथे मुलाखत देणाऱ्याला आपला मजकूर तपासून सुधारता येतो. कादंबरीकार नाबोकोव तर प्रश्न आधी लेखी मागवायचा आणि उत्तरंही लिहूनच द्यायचा. कलासमीक्षक डेव्हिड सिल्वेस्टरने चित्रकार फ्रान्सिस बेकनशी 1962 पासून पुढे वीसहून जास्त वर्षं संवाद केले. छापताना त्याने वेगवेगळ्या बैठकींतले तुकडे कापून जोडले आणि तसं वाचकांना सांगितलंही. यात फसवणूक कुणाची झाली?

शिवाय तोंडून निघालं तेच खरं, हे गृहीतकच कच्चं आहे. हेमिंग्वेने 1958 साली छापून आलेल्या मुलाखतीत सांगितलं की एका कादंबरीचं शेवटचं पान आपण 39 वेळा लिहिलं. 2012 साली त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात 47 शेवट छापलेले आहेत. तो खोटं बोलला असं कुणी म्हणणार नाही, पण कागद जास्त सांगतो. म्हणून खर्डा, स्केचबुक, फसलेलं चित्र, जे असेल ते समोर ठेवायला सांगा आणि त्यावर बोट ठेवून विचारा.

'प्रेरणा कुठून मिळते' हे विचारूच नका, त्याचं पाठ केलेलं उत्तर मिळतं. 1962 साली त्रूफो दुभाषीला सोबत घेऊन चित्रपट-दिग्दर्शक हिचकॉकसमोर बसला आणि एकेक चित्रपट क्रमाने घेऊन विचारत गेला. नायक दुधाचा ग्लास घेऊन जिना चढतो, तेव्हा प्रेक्षकाची नजर ग्लासवरच राहावी म्हणून दुधात दिवा ठेवला होता, असल्या गोष्टी हिचकॉकने त्या बैठकींत सांगितल्या. त्रूफो स्वतः दिग्दर्शक होता, त्याला कुठे खोदायचं ते ठाऊक होतं. तुम्ही चित्रकार नसाल तर निदान त्यांची चित्रं प्रत्यक्ष जाऊन पाहा. मोबाइलवर पाहून मुलाखतीला जाणाऱ्यांचा मला राग येतो.

आता हे मी म्हणतेय ते कामाबद्दलच्या मुलाखतीपुरतं. समोरच्यावर कसला आरोप असेल, सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारायचा असेल, तर मजकूर अजिबात दाखवू नका. तिथे तुमच्या वर्गात शिकवलं तेच बरोबर. काही जण जिवंत उत्तरं खोडून तिथे प्रदर्शनाच्या पत्रकातली भाषा घालतात, त्यांच्याशी हुज्जत घालावी लागते. म्हणून ध्वनिमुद्रण जपून ठेवा आणि आधीच ठरवा की बदल फक्त स्वतःच्या उत्तरांत करायचे, प्रश्नांना हात लावायचा नाही.

प्रश्न आधी पाठवायचे का, हे राहिलंच. कुठल्या चित्रांबद्दल बोलायचंय ते कळवा, प्रश्न पाठवू नका. त्यांनी स्वतःहून मागितले तर मात्र द्या. आणि मजकूर दाखवणार, त्यांच्या दुरुस्त्या छापणार, हे त्यांना फोन करण्याच्याही आधी संपादकांकडून लेखी घ्या. संपादक नाही म्हणाले, तर ती मुलाखत त्या अंकाला देऊ नका.