वाचकांचे प्रश्न : चिपचा कारखाना वाढतो कसा?

प्रश्न : तैवानच्या टीएसएमसीचं नाव छापलेली चिप कुठेच विकत मिळत नाही. मग ही कंपनी एवढी मोठी कशी झाली?

उत्तर : स्वतःची चिप विकायची नाही, हा तिचा पहिल्यापासूनचा नियम आणि वाढीचं मूळही तेच. १९८७मध्ये मॉरिस चँग यांनी शिंचूला ही कंपनी काढली, तेव्हा चिपचा आराखडा करणाऱ्या कंपन्याच बहुधा कारखानेही चालवत. ज्याच्याकडे कारखाना नाही, त्याला आपला आराखडा प्रतिस्पर्ध्याच्या हाती द्यावा लागे आणि तिथली यंत्रं मोकळी होईपर्यंत ताटकळावं लागे. तैवान सरकार आणि फिलिप्स यांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या टीएसएमसीने फक्त दुसऱ्यांच्या चिप बनवून देण्याचं काम धरलं. क्वालकॉम, एनव्हिडिया अशा कारखाना नसलेल्या कंपन्या तिच्या भरवशावर वाढल्या आणि त्यांच्यासोबत तीही. पुढे २००९च्या मंदीत चँग पुन्हा सीईओ झाले. २०१०मध्ये त्यांनी भांडवली खर्च सुमारे ५.९ अब्ज डॉलरवर नेला, आदल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त. स्मार्टफोनची मागणी उसळली तेव्हा कारखाने तयार होते. आमच्या मते कंपनीच्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी निर्णय.

प्रश्न : पैसा असला की तीच यंत्रं इतरांनाही घेता येतात. मग तिला गाठणं अवघड का?

उत्तर : घोडं अडतं ते यील्डवर, म्हणजे वेफरवरच्या (चिप ज्यावर घडवतात त्या सिलिकॉनच्या गोल चकतीवरच्या) एकूण चिपपैकी किती चालतात यावर. हिशेब करून पाहा. ३०० मिमी व्यासाच्या वेफरवर, कडेचे अर्धवट तुकडे सोडले तर, १०० चौरस मिमीच्या साधारण ६४० चिप बसतात. दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ दोष असेल तर ९० टक्के चिप चालतात. दोष ०.५वर गेले की ६१ टक्के. आता चिप ६०० चौरस मिमीची घ्या. वेफरवर बसतात ९०च्या आसपास. ०.१ दोषाला त्यातल्या ४९-५० हाती लागतात, ०.५ला जेमतेम चार-पाच! वेफरवरचा खर्च दोन्हीकडे तोच.

दोष कमी करायचे तर आधी त्यांचा उगम सापडायला हवा. तपासणीत नापास झालेल्या चिप वेफरच्या नकाशावर मांडतात आणि ठिपक्यांचा आकार पाहतात. कडेला गोल कडं दिसलं तर एचिंग (नको तो थर कोरून काढणं) किंवा थराची जाडी कडेला बिघडलेली असते. कमानीसारखा ओरखडा बहुतेक वेळा पॉलिशिंगचा. प्रत्येक एक्स्पोजरमध्ये, म्हणजे वेफरवर प्रकाशाने नक्षी उमटवताना दर वेळी, नेमक्या त्याच जागी दोष उमटत असेल तर मास्कवर, म्हणजे त्या नक्षीच्या साच्यावर, कण बसलेला असण्याची शक्यता मोठी. विखुरलेले ठिपके सगळ्यांत चिवट, कारण कण हवेतून, रसायनातून किंवा यंत्राच्या आतून, कुठूनही आलेला असू शकतो.

त्यात प्रगत वेफरला हजाराच्या आसपास पायऱ्या आणि सुमारे तीन महिने लागतात. मधल्या तपासण्या असतात, पण आज केलेली दुरुस्ती खरोखर लागू पडली का, हे शेवटच्या विद्युत चाचणीतच कळतं. म्हणून ज्याच्याकडे रोज जास्त वेफर फिरतात, तो लवकर शिकतो. अनेक ग्राहकांचं काम एकाच प्रक्रियेवर चालत असल्याने टीएसएमसीला हे शिक्षण सतत मिळत राहतं. नव्या कंपनीकडे यंत्रं तीच असली तरी वेफर थोडे, आणि यील्ड कमी म्हणून ग्राहकही थोडे. या चक्रातून बाहेर पडायला तिला काही वर्षं तोटा सोसावाच लागतो.

प्रश्न : एवढ्या अनुभवी कारखान्यातही मोठी चूक होते का?

उत्तर : होते. २०१९च्या सुरुवातीला टीएसएमसीकडे आलेल्या फोटोरेझिस्टच्या (नक्षी उमटवण्यासाठी वेफरवर देतात त्या प्रकाशसंवेदी लेपाच्या) एका खेपेत एक घटक बिघडलेला होता. त्यामुळे रेझिस्टमध्ये नको तो पॉलिमर तयार झाला आणि वेफर मोठ्या संख्येने फेकावे लागले. त्या तिमाहीच्या महसुलाला सुमारे ५५ कोटी डॉलरचा फटका बसला. येणाऱ्या मालाची तपासणी आणि प्रक्रियेच्या अधल्यामधल्या चाचण्या कंपनीने त्यानंतर कडक केल्या. बिघाड दहाव्या पायरीला सापडला तर दहा पायऱ्यांचा खर्च जातो, शेवटी सापडला तर तीन महिन्यांचा.