पूर ओसरला, यांची झोप कधी परत येणार?

“दुकान पुन्हा उभं राहिलं, हप्तेही वेळेवर जातात. मग पावसाची रिपरिप सुरू झाली की यांचा डोळा का लागत नाही? डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?” नाशिकच्या भांडीबाजारातल्या एका दुकानदाराच्या पत्नीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) समुपदेशक म्हणून पूर येऊन गेलेल्या घरांतून हीच शंका मला सारखी ऐकू येते.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. गोदावरीचं पाणी सराफ बाजार, भांडीबाजारात शिरलं. नंतर गाळ उपसायला गल्लीतली पोरं धावली, कुणी खिचडीची पातेली आणली, कुणी सतरंज्या. पंधरवड्याने जो तो आपल्या कामाला लागला. लागणारच. पण नुकसानीचा खरा हिशेब त्यानंतर समोर येतो: भिजलेल्या वह्या, बुडालेली उधारी, पंचनाम्यासाठी हेलपाटे. माणूस बहुधा तेव्हा खचतो, आणि तेव्हा विचारपूस करायला कुणी नसतं.

हे दुकानदार काका माझ्यासमोर बसले, पण नजर मोबाइलवर. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं? ज्या मूर्तीवरून गोदावरीच्या पुराचा अंदाज घेतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का? रात्री दोनला छत्री घेऊन घाटावर फेरी ठरलेली.

याला मी वेड म्हणणार नाही. विसर्ग वाढला की पाणी खरंच चढतं. “विचार करू नका” म्हणणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं. मी एवढंच विचारलं, “तुमच्याऐवजी दुसरं कुणी जागं असेल, तर झोपाल?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “समोरचे तांबट असतील तर झोपेन.”

तांबटकाकांना त्यांनी स्वतःच विचारलं. पुढे गल्लीतल्या चार-पाच जणांनी पावसाळ्यातल्या रात्री वाटून घेतल्या. ज्याची पाळी, त्याने पाण्यावर लक्ष ठेवायचं. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की सगळ्यांना उठवायचं आणि मिळून माल पोटमाळ्यावर चढवायचा. काकांच्या वाट्याला मंगळवार आला. इतर रात्री मोबाइल बायकोकडे.

सुरुवातीला पाळी नसतानाही ते उठायचे, तांबटकाकांना फोन लावायचे. तांबटकाका न चिडता उचलायचे, “घाटाच्या पायऱ्या दिसतायत, झोपा.” समुपदेशनात आम्ही श्वासाचे व्यायाम केले, त्या रविवारबद्दल हळूहळू बोललो. तरी माझ्या मते जास्त गुण आला तो त्या फोनचा. पावसाळा संपेपर्यंत फोन जवळजवळ थांबले. ऑगस्टचा पहिला आठवडा मात्र अजूनही जड जातो. पुराची तारीख जवळ आली की तसं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तेव्हा ताई, यांना एकट्याला समजावत बसू नका, शेजाऱ्यांना सांगा. मात्र झोप आठवड्यांमागून आठवडे येत नसेल, दारू वाढली असेल किंवा “जगून काय करू” अशी भाषा तोंडी आली, तर शेजाऱ्यांवर भिस्त ठेवू नका. लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.