जुने स्पीकर दुरुस्त केलेत, घरी फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (म्हणजे कुठला सूर किती जोरात वाजतो ते) मोजला तर ग्राफ नुसता वरखाली येतोय, काम फसलं का?

तुम्ही लिहिलंय की १९७०च्या दशकातले बंद बॉक्सवाले टू-वे स्पीकर (खालच्या आवाजाला वूफर, वरच्याला ट्वीटर) स्वतः दुरुस्त केले, वूफरच्या कोनभोवतीच्या फोमच्या कुजलेल्या कडा म्हणजे सराउंड बदलले, दोघांत आवाज वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हर सर्किटमधले कपॅसिटर नवे टाकले, आणि मग फोनवरच्या ॲपने बसायच्या जागेवरून मोजलं तर बेसमध्ये २० डीबीचे चढउतार दिसतायत. काम फसलेलं नाही. तो ग्राफ स्पीकरचा कमी आणि तुमच्या खोलीचा जास्त आहे. ४ मीटर लांबीच्या खोलीत पहिला रूम मोड (भिंतींमध्ये आवाज घुमून काही सूर फुगतात, काही दबतात, तो) ४३ हर्ट्झच्या आसपास पडतो, पुढे एकामागोमाग एक येतच राहतात, आणि तेवढ्या लांबून मोजलं की चांगल्यातल्या चांगल्या नव्या स्पीकरचा बेसही असाच डोंगरदऱ्यांसारखा दिसतो. त्यात बऱ्याच फोनचा माइक खालचे आवाज कापतो आणि लेव्हल आपोआप बदलतो, त्यामुळे फोन बाजूलाच ठेवा. कॅलिब्रेशन फाइलसकट मिळणारा यूएसबी माइक घ्या आणि आरईडब्ल्यू म्हणजे रूम ईक्यू विझार्ड टाका, ते फुकट आहे.

आता मुख्य गोष्ट. ग्राफ सपाट आहे का हे विचारूच नका, डावा आणि उजवा सारखे आहेत का हे विचारा. कारखान्यातून निघाला तेव्हा तुमचा स्पीकर नेमका कसा होता हे आता कोण सांगणार, पण जोडीदार तर समोरच आहे ना. जमिनीवर चिकटपट्टीने स्टँडची जागा आखून घ्या, एक स्पीकर मोजा, तो उचला, दुसरा बरोब्बर त्याच जागी ठेवा. माइक हलवायचा नाही, व्हॉल्यूमला हात लावायचा नाही, आणि हे लोक विसरतात, ॲम्प्लिफायरचा चॅनल आणि वायरसुद्धा तीच ठेवायची. मग खोली दोन्ही ग्राफमध्ये सारखीच येते आणि जो फरक उरतो तो स्पीकरचा. फक्त ट्वीटर एका कडेला बसवलेला असेल आणि जोडी आरशातल्यासारखी उलटसुलट असेल तर आजूबाजूच्या भिंती दोन्हीकडे सारख्या लांब असतील अशी जागा निवडा.

माझ्याकडच्या एका जोडीत असंच झालं होतं, दोन्हीकडे कपॅसिटर नवे, मागच्या ट्वीटर लेव्हलच्या नॉब दोन्हीकडे मधोमध, तरी ३ किलोहर्ट्झच्या वर उजवा साधारण ४ डीबी खाली. मला आधी वाटलं ट्वीटरच म्हातारा झाला, बदलावा लागणार. मग पिंक नॉइज (सगळे सूर असलेला चाचणीचा खळखळाट) लावून लाइव्ह ग्राफ बघत नॉब हळूहळू फिरवली तर रेषा सरकायच्या ऐवजी टुणकन उडी मारायची, आणि एका जागी तर ट्वीटर पूर्ण गप्प. आतल्या कॉन्टॅक्टवर गंज चढला होता. क्लीनर मारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवली, परत स्वीप (खालून वरपर्यंत सरकणारा चाचणीचा सूर) घेतला, फरक अर्ध्या डीबीवर आला. ते जुने ट्वीटर आजही मस्त वाजतायत. म्हणून सांगतो, तुमच्या स्पीकरला अशी नॉब असेल तर काहीही विकत आणण्याआधी ती तपासा.

मिड आणि ट्रेबलसाठी खोली ग्राफमधून काढून टाकता येते. स्पीकर भिंतींपासून दूर मध्ये आणा, ट्वीटर जमिनीपासून १.२ मीटर उंच, माइक त्याच उंचीवर समोर १ मीटरवर. थेट आवाज १ मीटर चालतो, जमिनीवर आपटून येणारा २.६ मीटर, म्हणजे १.६ मीटरचा फरक, म्हणजे साधारण ४.७ मिलिसेकंद उशीर. आरईडब्ल्यूमध्ये इम्पल्स रिस्पॉन्स (आवाज वेळेनुसार कसा पोचला ते दाखवणारा ग्राफ) उघडलात की जमिनीवरून आलेला तो उंचवटा स्पष्ट दिसतो, विंडो म्हणजे मोजणीत धरायचा वेळेचा तुकडा त्याच्या जरा आधी बंद करा. छत आणि बाजूच्या भिंतीही निदान तेवढ्याच लांब हव्यात, नाहीतर त्यांचा पडसाद आधी येईल. किंमत एवढीच की साधारण २१५ हर्ट्झच्या खाली त्या ग्राफला काही अर्थ नाही, आणि ५०० पर्यंतही बारकावे पुसलेले असतात.

खालच्यासाठी माइक वूफरच्या डस्टकॅपला जवळजवळ टेकवा, सेंटिमीटरभर अंतर पुरे, आवाज मात्र बराच कमी करून, नाहीतर माइक क्लिप होईल. इतक्या जवळ वूफरच एवढा जोरात असतो की खोली ऐकूच येत नाही. ८ इंची वूफरला ही पद्धत साधारण ६०० हर्ट्झपर्यंत चालते. यात बॅफलचा (स्पीकरच्या पुढच्या फळीचा) परिणाम दिसत नाही त्यामुळे बेस खऱ्यापेक्षा भरलेला वाटतो, पण तुम्हाला दोन रेषा एकमेकींवर ठेवूनच बघायच्यात. वेगळ्या पडल्या तर बॉक्स कुठेतरी गळतोय का बघा, कोन दोन्ही हातांनी सारखा दाबून अलगद आत ढकला आणि सोडा, सावकाश परत आला तर सील ठीक, झटकन आला तर गॅस्केट किंवा टर्मिनलपाशी हवा जातेय. दाबताना खरखर जाणवली तर सराउंड चिकटवताना कॉइल मध्यावरून सरकलीय, ते परत उघडावं लागेल, तसंच वाजवत राहू नका, कॉइलचं इनॅमल घासलं जातं.

क्रॉसओव्हरपाशी एकाच स्पीकरमध्ये खोल खड्डा दिसला तर सोल्डर करताना ट्वीटरच्या वायरी उलट लागल्या असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दोघांतही असेल तर घाईने उलटवू नका, त्या काळच्या काही डिझाइनमध्ये ट्वीटर मुद्दाम उलट जोडलेला असतो, काम करण्याआधीचे फोटो असतील तर ते बघा.

आणि स्वीप कायम हळू आवाजात सुरू करा, जुन्या ट्वीटरची कॉइल केसासारखी बारीक असते.

दोन्ही स्पीकरचे गेट केलेले (म्हणजे वरच्यासारखी विंडो लावलेले) आणि जवळून घेतलेले असे चार ग्राफ काढा, उभी पट्टी ५० डीबीची आणि स्मूदिंग १/१२ ऑक्टेव्ह ठेवा (१/३ लावलंत की दोष झाकले जातात), आणि ते इथे टाका, सोबत नॉब आहे की नाही आणि कपॅसिटरवर मूळ किती मायक्रोफॅरॅड लिहिलं होतं तेही लिहा, मी बघून सांगतो.