चेस्की क्रुम्लोव्हचा इतिहास वाचायला घेताना

तुम्ही चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमिया भागातील या नगराचा अभ्यास नव्याने सुरू करत आहात, म्हणून सुचवतो की सनावळी पाठ करण्याआधी नकाशा उघडून व्ल्तावा नदीने गावाला घातलेला वेढा नीट पाहावा. किल्ला त्या कड्यावरच का उभा राहिला, हे त्यातून आपोआप उमगते. त्यानंतर मालक घराण्यांचा क्रम लावावा. किल्ल्याचा पहिला उल्लेख 1253 चा आहे, परंतु खरा मुक्काम करावा तो 1302 ते 1602 या रोझेनबर्ग घराण्याच्या काळात, कारण मूळच्या गॉथिक गढीचा रेनेसाँ प्रासाद त्यांनीच केला आणि त्याच घराण्यातील, कर्जात बुडालेल्या पेत्र वोकने तो अखेर सम्राट दुसऱ्या रुडॉल्फला विकला. पाच पाकळ्यांचा लाल गुलाब दिसला, की तो रोझेनबर्गांचाच समजावा.

पुढे 1622 मध्ये एगेनबर्ग आणि 1719 मध्ये श्वार्झेनबर्ग ही घराणी मालक म्हणून आली. 1766 च्या सुमारास सजलेले, लाकडी यंत्रणेसह टिकलेले बरोक नाट्यगृह मात्र घाईत ओलांडू नये. जुन्या कागदपत्रांत गावाचे नाव ‘क्रुमाऊ’ असे जर्मन रूपात आढळेल, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर हकालपट्टी होईपर्यंत येथे जर्मनभाषकच बहुसंख्य होते. पर्यटकी पुस्तिका हा हकालपट्टीचा भाग बहुधा दोन ओळींत उरकतात.